तळ्याला लावलेलं विरजण

एका जंगलात एक नियम होता. लागत असलेलं विरजण ढवळायचं नाही.

नियमाला एक शेपूटही होतं. का ढवळायचं नाही, ते विचारायचं नाही.

लव्हाळी नावाच्या पाणमांजराच्या पोरीला हा नियम तिचे डोळे उघडायच्या आधी शिकवला गेला. शेपटासकट.

मुलांनो, हा नियम तुमच्याही घरी असेल. दुधाला विरजण लावलं की भांड्याला धक्का लावायचा नसतो. झाकण काढून बोट घालून बघायचं नसतं. दह्याच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. पण या जंगलात विरजण दुधाला लावलेलं नव्हतं. तळ्याला लावलेलं होतं.

हसू नका. जंगलातलं कोणी मोठं माणूस, म्हणजे मोठं जनावर, हसलं नव्हतं. आणि मोठे ज्याला हसत नाहीत त्याला लहानांनी हसायचं नसतं. जंगलात दही कुठून आलं, असंही विचारू नका. जंगलात अध्यक्ष, चिटणीस आणि तज्ज्ञ कुठून आले, ते तुम्ही विचारणार नाही. मग दह्यावरच का अडता?

तर हे सगळं कसं झालं ते सांगते.

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं. तळ्याजवळच्या टेकडीत एक गुहा होती. जंगलातल्या आया सकाळी पोटापाण्याला बाहेर पडल्या की आपली पिल्लं त्या गुहेत ठेवून जायच्या. गुहा सुरक्षित होती, पण खोल होती. भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. म्हणून तिथे करंजाच्या तेलाचा दिवा लावायचे. दिवा असला की पिल्लं खेळायची. दिवा गेला की साळिंदराची पोरं अंधारात कुशीवर वळायची, आणि मग शेजारच्या पोरांचा जो आक्रोश व्हायचा तो टेकडीपलीकडे ऐकू जायचा.

पुढे करंजाची झाडं म्हातारी झाली. शेंगा कमी धरू लागल्या. नवी झाडं लावावीत असं कोणाला वाटलं नाही, कारण नव्या झाडाला शेंगा धरेपर्यंत थांबावं लागतं. ज्येष्ठमंडळाला थांबायला वेळ नव्हता. त्यांना सत्कारांना जायचं असायचं.

ज्येष्ठमंडळ म्हणजे तिघं.

अध्यक्ष गवेआबा. ते अध्यक्ष होते कारण ते सगळ्यांत जड होते. ते बसले की उठवणार कोण, या विचारानं कोणी त्यांना उठवलं नव्हतं.

चिटणीस घोरपडकाकू. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. काकू खडकाला चिकटल्या नव्हत्या, चिटणीसपदाला चिकटल्या होत्या.

आणि तज्ज्ञ बगळेशास्त्री. ते एका पायावर उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. एवढं जमलं की त्या जंगलात तज्ज्ञ होता यायचं.

एक दिवस बातमी आली की पलीकडच्या जंगलात शेवाळापासून तेल काढतात. शेवाळ म्हणजे आपल्या पायाखाली घसरतं ते. पाण्यावर हिरवं तरंगतं ते. आज काढलं की चार दिवसांत पुन्हा येतं. झाड नको, शेंग नको. त्या तेलावर तिथले दिवे जळतात म्हणे.

ज्येष्ठमंडळानं अभ्यासदौरा ठरवला. सकाळी लवकर निघायचं होतं. पण निरोपाचा समारंभ लांबला, आबांचं भाषण त्याहून लांबलं, आणि मंडळी पलीकडच्या जंगलात पोचली तेव्हा ऐन दुपार झाली होती.

आता नीट ऐका, कारण सगळं जंगल या एका दुपारी बुडालं.

पलीकडच्या जंगलात सकाळ-संध्याकाळ म्हशी तळ्यात गोल गोल फिरत. पायांनी पाणी ढवळत. तळाचं शेवाळ वर यायचं, वरचं खाली जायचं. सगळ्याला ऊन मिळायचं, सगळ्याला हवा मिळायची. पण दुपारी म्हशींना जेवणाची सुट्टी असे. म्हशी सावलीत रवंथ करत बसल्या होत्या. तळं शांत होतं. काठावर काढलेल्या तेलाचं एक गाडगं ठेवलेलं होतं.

तिथली मुख्य सुंद्री म्हैस. साधी, कामाची बाई. ती पाहुण्यांना सगळं समजावून सांगू लागली. नवं तळं धरायचं असेल तर जुन्या तळ्यातलं थोडं शेवाळ त्यात सोडायचं, विरजणासारखं. ते वाढतं. मग ते रोज ढवळायचं, गाळायचं, उन्हात वाळवायचं, दगडाखाली पिळायचं. तेल थोडं निघतं, पण रोज निघतं.

ती 'विरजणासारखं' म्हणाली आणि तेवढ्यात पानं वाढली. पानात दहीभात होता. जेवण झालं. ऐकायचं काम तज्ज्ञांवर सोपवून आबा आणि काकू सावलीत लवंडले. बगळेशास्त्रींनी डोळे मिटले. तज्ज्ञ चिंतन करत आहेत असं वाटून बिचारी सुंद्री आवाज खाली आणून पुढचं बोलू लागली.

शास्त्रीबुवांच्या कानात एकच शब्द राहिला होता. विरजण. डोळे उघडले तेव्हा समोर तेलाचं गाडगं होतं आणि न हलणारं तळं होतं. तोंडाला दह्याची चव होती.

परत येताना वाटेतच अहवाल तयार झाला.

अहवाल थोडक्यात असा होता. दुधात दही घातलं की दही होतं. तसं शेवाळाच्या पाण्यात तेल घातलं की तेल होतं. विरजण सढळ हातानं लावावं. ते तळ्याच्या बरोबर मधोमध लावावं. आणि लागत असताना ढवळू नये. पलीकडच्या जंगलात कोणी ढवळत नव्हतं, हे मंडळानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गवेआबांनी अहवालावर खूर उमटवला.

आता प्रश्न आला की मधोमध जायचं कोणी. आबा गेले असते तर चिखलात रुतले असते. शास्त्रीबुवांचं शास्त्र गुडघाभर पाण्यापर्यंतच चालायचं. काकूंना इतिवृत्त लिहायचं होतं. तेव्हा मंडळानं पाणमांजराच्या घराण्याला मान दिला. मान म्हणजे काय, ते माहीत आहे ना? जे काम आपल्याला करायचं नसतं, ते दुसऱ्याला कुंकू लावून करायला सांगायचं.

त्या वर्षी शेवंती पाणमांजरीला नुकतीच मुलगी झाली होती. शेवंतीनं तिचं नाव लव्हाळी ठेवलं. लव्हाळं वाकतं, म्हणून पुरात टिकतं, असं तिचं म्हणणं. मुलीला बिळात ठेवून ती गाडगं घेऊन पोहत मधोमध गेली आणि तिनं जंगलाचं करंजतेल तळ्यात ओतलं.

काठावर टाळ्या झाल्या. विरजण लागलं.

दुसऱ्या वर्षी सगळे बघायला जमले. तळ्यावर तेलाचा तवंग होता. अर्थात असणारच. गेल्या वर्षी ओतलेलं तेल जाणार कुठे? शास्त्रीबुवांनी शिंपल्यानं थोडा तवंग उचलला. त्याची वात लावली. ती जळली. आबांनी तो शिंपला मायेनं हुंगला. आपल्या तळ्यातलं पहिलं तेल, ते म्हणाले. त्याच वात्सल्यानं त्यांनी सांगितलं की दही अजून पातळ आहे, यंदा विरजण वाढवा.

म्हणून मंडळानं दोन गाडगी ओतली आणि एक शिंपला काढला. तिसऱ्या वर्षी तीन ओतली. असं अकरा वर्षं चाललं. याला त्या जंगलात हरित योजना म्हणत.

तळ्याचं काय झालं, ते सांगायलाच हवं. तवंगानं पाण्याचा श्वास कोंडला. वरचं शेवाळ दाट झालं, खालच्याला ऊन मिळेना, ते कुजलं. तळ्याला वास मारू लागला. शास्त्रीबुवा म्हणाले, आंबट वास म्हणजे लागल्याची खूण. मासे गुदमरून वर येऊ लागले, उलटे तरंगू लागले. शास्त्रीबुवा म्हणाले, लोणी वर येतंय. ते लोणी त्यांनी दुसऱ्या कोणाला काढू दिलं नाही. जबाबदारीचं काम होतं. अकरा वर्षांत ते इतके भरले की त्यांचा एक पाय त्यांना पेलेना. मग ते दोन पायांवर उभे राहून चिंतन करू लागले.

आणि शेवंतीचं काय झालं? पाणमांजराची लव फार दाट असते. थंड पाणी तिच्या कातडीपर्यंत पोचत नाही. पण लव तेलानं माखली की केस केसाला चिकटतात आणि पाणी सरळ आत शिरतं. अकरा वर्षं तेलाची गाडगी छातीशी धरून पोहलेली शेवंती आता चैत्राच्या उन्हात बसूनही थरथरायची. मंडळाला तिची काळजी होती. त्यांनी तिचा सत्कार करून तिला शाल दिली. पाण्यात राहणाऱ्या जनावराला शाल.

लव्हाळी मोठी झाली. ती पलीकडच्या जंगलात शिकायला गेली. तिथे दोन पावसाळे सुंद्रीच्या हाताखाली राबली. पहिल्या दिवशी म्हशी तळ्यात उतरलेल्या पाहून ती काठावरून ओरडली होती की ढवळू नका, विरजण बिघडेल. सगळ्या म्हशी इतक्या हसल्या की चिखल उडाला. मग सुंद्रीनं तिला पाण्यात घेतलं आणि जुन्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. त्यातला एकजण उभ्याउभ्या घोरत होता, हेही सांगितलं.

लव्हाळी परत आली तेव्हा आई शाल पांघरून थरथरत बसलेली होती.

लव्हाळीनं तिला सगळं सांगितलं. विरजण शेवाळाचं असतं, तेलाचं नसतं. आणि शेवाळ ढवळावंच लागतं.

आईनं शाल आवळून घेतली. मग म्हणाली, "मोठ्यांनी काही विचार केलाच असेल गं."

"तुला विचारलं होतं त्यांनी?"

"मला कशाला विचारतील? मी नुसती ओतते."

लव्हाळी दुसऱ्या दिवशी मंडळाकडे गेली. तिनं अगदी अदबीनं सांगितलं. अजून तिचा अदबीवर विश्वास होता. आबांनी ऐकून घेतलं. म्हणजे त्या वेळात त्यांनी रवंथ केला. मग म्हणाले, पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून आम्ही हे तळं बघतोय. काकू म्हणाल्या, बाहेर शिकायला पाठवलं की हे असं होतं. शास्त्रीबुवांनी तिला विचारलं की तिनं आयुष्यात कधी दही लावलंय का. नव्हतं लावलं. मग विषयच संपला.

तिनं वाद घातला नाही. टेकडीमागे गव्यांच्या लोळण्यानं झालेलं एक डबकं होतं. तिथे तवंग पोचला नव्हता. सुंद्रीनं द्रोणात बांधून दिलेलं शेवाळ तिनं त्यात सोडलं. सकाळ-संध्याकाळ ती डबक्यात उतरायची आणि शेपटीनं पाणी ढवळायची. आठवड्यात डबकं पोपटासारखं हिरवं झालं. गाळायला तिनं सुगरणीचं टाकून दिलेलं घरटं घेतलं. गाळलेलं शेवाळ कातळावर वाळवलं. दोन दगडांत घालून, वरच्या दगडावर स्वतः नाचून पिळलं.

शिंपलाभर तेल निघालं. ते तिनं गुहेत नेऊन लावलं. पिल्लांची एक झोप होईपर्यंत दिवा जळला. जरा मासळीचा वास आला. पिल्लांना तो आवडला.

दुसरा शिंपला भरला तो घेऊन ती मंडळापुढे गेली.

तुम्हाला वाटेल, आता त्यांचे डोळे उघडले असतील. मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

आबांनी तेल हुंगून नाक मुरडलं. काकूंनी विचारलं की डबक्याला परवानगी कोणी दिली. शास्त्रीबुवांनी विचारलं, "ढवळलंस?"

"रोज ढवळलं. दोनदा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लव्हाळीनं आईला मारून टाकलं असं सांगितलं असतं तरी त्यांची तोंडं इतकी वाईट झाली नसती.

मग शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि त्यांना सगळं दिसलं. मोठ्या तळ्याचं अकरा वर्षांचं विरजण इतकं कडक झालंय, ते म्हणाले, की ते आता हवेतून पसरून टेकडीमागच्या डबक्यालाही लागलं. हे तेल म्हणजे योजनेचंच यश. पोरीनं ढवळून त्यातलं निम्मं वाया घालवलं, एवढंच.

आबा गहिवरले. पहिलं फळ मूळ तळ्याला अर्पण करायला हवं, असं म्हणत त्यांनी लव्हाळीच्या हातातला शिंपला घेतला आणि काठावरून तळ्यात उपडा केला.

महिनाभराची मेहनत. लव्हाळी नुसती बघत राहिली. लक्षात ठेवा, या गोष्टीत एकदा तीही गप्प बसली होती.

मग उन्हाळा आला. यंदा करंजाला मूठमूठ शेंगा धरल्या. सगळ्या जंगलाचं मिळून एक गाडगं तेल निघालं. एकच. आणि ते मंडळानं विरजणासाठी ताब्यात घेतलं.

गुहेतला दिवा विझला. लव्हाळीचं डबकं उन्हानं निम्मं आटलं होतं. त्यातून निघणारं तेल सकाळ पार पाडायचं, दुपार नाही. चौथ्या दिवशी दुपारी अंधारात एका सशाचं पिल्लू कपारीत पडलं. त्याचा मागचा पाय मोडला.

त्याची आई तानूबाई. ससे एरवी कोणापुढे उभे राहत नाहीत, पण ती पिल्लाला उचलून मंडळापुढे आली. तिनं एवढंच मागितलं की ते गाडगं गुहेला द्या.

मंडळाला फार वाईट वाटलं. त्यांनी तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला. मग शास्त्रीबुवांनी तिला समजावलं. अकरा विरजणं लागली आहेत. हे बारावं. बारा वर्षं म्हणजे एक तप. तप पुरं होण्याआधी कोणाला फळ मिळालंय? एका गाडग्यासाठी अकरा वर्षांची गाडगी वाया घालवायची का? यंदा सगळं तळं एका रात्रीत घट्ट होणार. मग गुहेत एक सोडून दहा दिवे लावा.

"आणि तोवर?" तानूबाईनं विचारलं.

"तोवर पिल्लांना सवय होईल," काकू म्हणाल्या.

अक्षय्य तृतीयेचा दिवस ठरला. तळ्याच्या काठी आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण लागलं. सगळं जंगल जमलं. नाकाला पानं लावून जमलं, कारण आंबट वास फार झाला होता. गाडग्याला हळदकुंकू वाहिलं होतं. शेवंतीच्यानं आता पाण्यात उतरवत नव्हतं, म्हणून घराण्याचा मान लव्हाळीकडे आला होता. शेवंती शाल पांघरून पुढच्या रांगेत बसली होती. सत्कारमूर्तींची जागा.

आबांनी भाषण केलं. त्यांनी आपल्या तरुणपणचं तळं आठवलं. तेव्हा ते किती स्वच्छ होतं, सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणामुळे घाण झालं, हे मात्र त्यांना आठवलं नाही. हल्लीच्या पिढीला धीर नाही, असं म्हणून त्यांनी भाषण संपवलं.

मग गाडगं लव्हाळीच्या हातात दिलं. काकूंनी तिला कुंकू लावलं. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हणायला चोच उघडली.

लव्हाळी पाण्याकडे वळली नाही. ती गर्दीकडे वळली. चालत तानूबाईपर्यंत गेली आणि तिच्यापुढे गाडगं ठेवलं.

"हे गुहेत ने," ती म्हणाली. "जपून जाळलं तर पाऊस येईपर्यंत पुरेल. तोवर आपण आणखी दोन डबकी धरू. ढवळायला मला चारजणी लागतील."

काठावरच्यांच्या नाकांवरची पानं खाली आली.

"लव्हाळी," आबा म्हणाले. "गाडगं उचल."

"नाही आबा."

"अगं, नियम आहे," काकू म्हणाल्या.

"काकू, नियम ढवळायचं नाही असा आहे. मी तर ओततच नाहीये."

कुठून तरी साळिंदराच्या पोराचं हसू फुटलं. त्याच्या आईनं त्याला दाबलं. पण फार जोरात नाही दाबलं.

शास्त्रीबुवांनी मान उंच केली. बारावं विरजण चुकलं तर सगळ्या जंगलाला दोष लागेल, ते म्हणाले. पूर्वजांचं तप मोडेल. अकरा वर्षांचं मातीत जाईल.

"अकरा वर्षांचं पाण्यात गेलंय, शास्त्रीबुवा," लव्हाळी म्हणाली. "तुम्ही सुंद्रीकडे जेवून झोपलात. तिनं विरजणासारखं म्हटलं होतं, ते शेवाळाबद्दल. पुढचं तुम्ही ऐकलंच नाही. त्या झोपेवर माझ्या आईची लव गेली, तळ्यातले मासे गेले, आणि परवा त्या पिल्लाचा पाय गेला. मी नाही ओतणार. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही."

मग तिनं जरा बाजूला होऊन तळ्याकडे जाणारी वाट मोकळी केली.

"तुमचा विश्वास असेल तर तुम्ही ओता की. गाडगं इथे आहे. मधोमध तिकडे आहे. मी अडवत नाही."

सगळ्या जंगलानं मंडळाकडे पाहिलं.

आबांनी पाण्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं एक पाय उचलला. दोनदा हेलकावे खाल्ले आणि पाय खाली ठेवला. काकूंनी इतिवृत्ताचं पान उलटलं. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी आबा शेवंतीकडे वळले. त्यांनी तिला आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती.

"शेवंते, तू तरी सांग तुझ्या पोरीला. तू आमच्या शब्दाबाहेर कधी गेली नाहीस."

शेवंती उठली. उठायला तिला वेळ लागला. अंगावरची सत्काराची शाल तिनं काढली, उजेडात धरली आणि तिची वीण निरखून पाहिली.

"लव्हाळे," ती म्हणाली, "त्या सुगरणीच्या घरट्यातून शेवाळ निसटतं म्हणत होतीस ना. ही बघ बरं. गाळायला चालेल का?"

लव्हाळीनं शाल हातात घेतली. चालेल, म्हणाली.

तानूबाईनं गाडगं डोक्यावर घेतलं आणि ती टेकडीची वाट चालू लागली. तिच्यामागे एक साळिंदरीण निघाली, मग दोन भेकरी, मग बाकीच्या आया. कोणी घोषणा दिली नाही. काठावर तोरण राहिलं, हळदकुंकवाचं ताट राहिलं आणि ज्येष्ठमंडळ राहिलं.

आबांनी बोलायला तोंड उघडलं. त्यात काही नव्हतं. त्यांनी ते मिटलं. मग शास्त्रीबुवांनी मिटलं. काकूंचं आधीच मिटलेलं होतं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तिघंही गप्प बसले.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. ते गप्प बसतात तेव्हा तर अगदी कान देऊन ऐकावं. इतकं शहाणपणाचं ते पुन्हा क्वचितच बोलतात.